रिंगखालचा पंधरा नंबर

आमच्या विणकर क्रीडा मंडळाच्या सामानखोलीला एकच दार आहे आणि त्या दाराच्या चौकटीवर निळ्या ऑइलपेंटने ओढलेली एक आडवी रेघ आहे. नवा खेळाडू आला की त्याला चपला काढायला सांगून चौकटीला पाठ लावून उभं करायचं. डोकं रेघेला लागलं तर तो ‘आतला’, नाही लागलं तर ‘बाहेरचा’. आतला म्हणजे बास्केटबॉलच्या रिंगखाली खेळणारा. बाहेरचा म्हणजे बॉल पुढे आणणारा, पास देणारा, लांबून मारणारा. यापूर्वी कुठे खेळलास का, टप्पा मारता येतो का, हे प्रश्न नंतर विचारायचे. मला उभं केलं तेव्हा रेघ माझ्या डोक्याच्या बरीच वर राहिली. पुढे मला बाहेरूनही काही जमत नाही हे दिसल्यावर मंडळाने मला गुण लिहिणाऱ्या टेबलामागे बसवलं. तिथे मी अजून आहे. सुताच्या पेढीतली माझी हिशेबनिसाची नोकरी येत्या मार्चमध्ये संपते आहे. टेबलाची संपेल असं दिसत नाही.

या रेघेने ज्याचं आयुष्य सर्वांत सरळ लावून दिलं, तो माणूस म्हणजे मैनुद्दीन नदाफ.

मैनुद्दीन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. लूम बिघडला की दुरुस्त करायचा, हे जॉबरचं काम. उंची सहा फूट तीन इंच. सायकलचं सीट त्याने इतकं वर घेतलेलं आहे की कारखान्यात ती सायकल कुणी मागून नेत नाही. तो कामाला लागला त्या वर्षी मंद्रूपचे तात्याबा तिथेच गोदामावर होते. तात्याबा आमच्या संघाचे रिंगखालचे खेळाडू. या पोराने वरच्या फळीवरचा सुताचा कोन टाचासुद्धा न उचलता खाली काढला, हे त्यांनी पाहिलं आणि पाळी सुटल्यावर त्याला हाताला धरून आमच्या सामानखोलीपर्यंत आणलं. मैनुद्दीनचं डोकं रेघेच्या वर गेलं. तोवर त्याने बास्केटबॉल हातात धरलेला नव्हता.

तात्याबांनी त्याला एकच गोष्ट शिकवली. “रिंगकडं पाठ कर आन् पाय रोव. रिंग कुटं जात न्हाय.”

पुढची पंचवीस-एक वर्षं मैनुद्दीनने तेच केलं. रिंगकडे पाठ, डावा हात वर, तोंडाने “हितं.” बॉल हातात आला की मागच्या माणसाला पाठीने रेटत रेटत रिंगखाली न्यायचं, वळायचं आणि रिंगमागच्या फळ्यावर टेकवून आत सोडायचा. यात दिसायला देखणं काही नव्हतं. पण टेबलावर बसून मी जे लिहीत होतो, त्यात बहुतेक वेळा त्याचंच नाव यायचं.

रिंगखालच्या खेळाडूला आमच्याकडे पंधरा नंबर. पूर्वी बास्केटबॉलमध्ये बनियनवरचे नंबर चारपासून पंधरापर्यंतच असत. सर्वांत उंच त्याला सर्वांत मोठा, असा सरळ हिशेब. शिवाय हा नंबर देण्याची एक रीत होती. पंधरा नंबरवाला खेळ सोडणार त्या दिवशी शेवटची मॅच झाल्यावर तो मैदानातच बनियन अंगातून काढायचा आणि पुढच्याच्या अंगात स्वतःच्या हाताने घालायचा. धुवायचं नाही. तात्याबांनी मैनुद्दीनला असंच घातलं होतं, तेही उन्हाळ्यात. सोलापूरचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको.

मंडळातली बाकीची कामंही याच रेघेने वाटली होती. फलक बांधणं, ट्यूब बदलणं, वरच्या फळीवरचं सामान काढणं हे आतल्यांचं. त्यामुळे आमच्या मंडळात स्टूल कधी घेतलंच नव्हतं. पाणी भरणं आणि चौकातून चहा आणणं हे बाहेरच्यांचं, कारण त्यांना पळायची सवय असते.

अलीकडची काही वर्षं चहा आणायचं काम बाहेरून खेळणाऱ्या जोतिरामकडे होतं. जोतिराम त्याच कारखान्याचा टेम्पो चालवतो, टॉवेलचे गठ्ठे स्टेशनवर पोचवतो. गठ्ठे चढवायला हमाल नसला तर स्वतः चढवतो. घरी मेंढरं आहेत. रेघ त्याच्या डोक्याच्या वीतभर वर राहते, पण खांदे असे की सामानखोलीच्या दारातून जाताना तो जरा तिरका होतो. मैनुद्दीनची पाळी सुटल्यापासून बाकीचे खेळाडू येईपर्यंत मधे थोडा वेळ असे. त्या वेळात सरावाला मैनुद्दीनला मागे कुणीतरी रेटायला लागे. टेम्पो लावून जोतिराम नेमका तेव्हाच हजर असायचा. मग रोज जोतिराम पाठीमागे उभा, आणि मैनुद्दीन त्याला ढकलत रिंगखाली नेतोय, असं चालायचं.

“चाचा, मी भिंत हाय का माणूस?” तो विचारायचा.

“भिंत बोलत नाही, जोत्या. तू गप रेट.”

असं सगळं आपापल्या जागी होतं. मग आमचे जुने कोच मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि मंडळाने ऋतुजाला कोच नेमलं.

ऋतुजा एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. पहिल्या दिवशी स्कूटी लावून ती सामानखोलीकडे आली, रेघ कशाची म्हणून विचारलं आणि चपला काढून स्वतःच चौकटीला पाठ लावून उभी राहिली. रेघ वर राहिली.

“म्हणजे मी बाहेरची,” ती म्हणाली.

“नाही मॅडम, तुम्ही कोच,” मैनुद्दीन म्हणाला.

“बरं झालं. मग आजपासून आत-बाहेर बंद. सगळे सगळं करणार.”

“सगळे सगळं म्हणजे कोण काय?”

“तेच तर, चाचा. कोण काय, असं नसतंच आता.”

मैनुद्दीनने माझ्याकडे पाहिलं. मी मंडळाचा सचिवही आहे, त्यामुळे असल्या प्रसंगी सगळे माझ्याकडेच पाहतात. मी शिट्टी शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी तिने फोनवर अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांची एक मॅच लावली आणि आम्ही बाकावर डोकी जवळ आणून बसलो. एक भलामोठा उंच माणूस मैदानाच्या पार कोपऱ्यात, रिंगपासून लांब उभा होता.

“हा सात फुटी आहे,” ऋतुजा म्हणाली.

“सात फूट? मग तिकडे काय करतोय, एसटीची वाट बघतोय?” मैनुद्दीन म्हणाला.

तेवढ्यात बॉल त्या माणसाकडे आला आणि त्याने तिथूनच मारला. तीन गुण.

“लागतो कधी कधी,” मैनुद्दीन म्हणाला. थोड्या वेळाने त्याच माणसाने तिथूनच पुन्हा मारला. तोही गेला. मैनुद्दीनने फोन स्वतःच्या हातात घेतला. “पण रिंगखाली कोण आहे?”

“कुणीच नाही. मुद्दाम मोकळं ठेवतात. पूर्वी तिथेही दोन-दोन धिप्पाड माणसं रिंगखाली गर्दी करून उभी असायची. आता पाचही जण लांब उभे राहतात, म्हणजे समोरच्या संघालाही लांब यावं लागतं आणि आत धावायला रस्ता मिळतो. उंच माणूस बॉल आणतो, बुटका रिंगवरून उडालेला बॉल धरायला जातो. ज्याला जे जमेल ते.”

“म्हणजे घरातला मधला खांब काढून टाकला. का, तर फिरायला जागा पाहिजे.”

“हल्ली कार्यालयाच्या हॉलमध्ये कुठे मधे खांब असतो, चाचा?”

त्याने परत माझ्याकडे पाहिलं. मी कॉमर्सचा माणूस. मी म्हणालो, “मैनुद्दीन, आतून दहा मारले आणि पाच लागले तर दहा गुण. लांबून दहा मारले आणि चारच लागले तरी बारा. त्यांचा हिशेब बरोबर आहे.”

“महिपतराव, तुम्ही पण?” तो म्हणाला. त्या मॅचमध्ये त्याला एकच खेळाडू पसंत पडला. तो एक जाडजूड सेंटर, म्हणजे रिंगखालचा खेळाडू होता. उडी फारशी मारत नव्हता आणि एका जागी उभा राहून सगळ्यांना पास वाटत होता. “हा आपल्यातला,” मैनुद्दीन म्हणाला. “ह्याला पण पळायचा कंटाळा आहे.”

मग ऋतुजाने मैनुद्दीनला कोपऱ्यात उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदा रिंगकडे तोंड करून लांब उभा राहिलेला मैनुद्दीन, परक्या लग्नात चुकून पुढच्या रांगेत बसवलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. हातांचं काय करायचं तेच त्याला कळेना. त्याने मारलेला पहिला बॉल फळ्याच्या वरून भिंतीपलीकडच्या कारखान्यात गेला आणि वाळत घातलेल्या टॉवेलांच्या तारेवर अडकला. तो काढायला उंच माणूस लागणार, म्हणून मैनुद्दीनच गेला. परत येऊन म्हणाला, “मॅडम, हे काम मला जमतं.”

ती हसली, पण तिने त्याला कोपऱ्यातून हलवलं नाही. मैनुद्दीन तक्रार करत करत रोज मारत राहिला. बॉल भिंतीच्या अलीकडे पडायला लागले, एवढी प्रगती झाली.

त्याचा घोर वेगळाच होता. गुडघे कुरकुरत होते आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता पुरे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास आमची शहर स्पर्धा असते, ती खेळून थांबायचं त्याने ठरवलं. पण थांबायचं म्हणजे पंधरा नंबर कुणाला तरी द्यायला हवा. घेणारा कोण, याबद्दल मंडळात कुणालाच शंका नव्हती. तात्याबांच्याच मंद्रूपचा मल्हार, सहा फूट चार इंच, नुकताच एमआयडीसीत नोकरीला लागलेला. चौकटीला उभा केला तेव्हा रेघ त्याच्या कानाशी आली होती.

पण नव्या बनियनांची मागणी द्यायची वेळ आली तेव्हा ऋतुजाने सांगितलं, हवा तो नंबर ज्याने त्याने घ्या, आता कुठलाही चालतो. मल्हारने शून्य घेतला. पंधरा मैनुद्दीनने स्वतःसाठीच घेतला, या एका स्पर्धेपुरता. त्या संध्याकाळी फलक बांधताना त्याच्या हातून गाठ दोनदा सुटली.

पुढच्या रविवारी त्याने मल्हारला जेवायला बोलावलं. साक्षीदार म्हणून मलाही. त्याच्या बायकोने, साबेराभाभींनी, बिर्याणी केली होती. मल्हारचं दुसरं ताट होईपर्यंत मैनुद्दीनने दम धरला.

“मल्हार, ही स्पर्धा झाली की पंधरा नंबर तुझा.”

मल्हारने हातातला घास खाली ठेवला. “चाचा, राग नका मानू. मला न्हाय जमायचं.”

“काय जमायचं नाही? उंची आहे. वजन येईल. साबेरा, वाढ त्याला.”

“वजनाचं न्हाय हो. उंच दिसला की समदे रिंगखाली हुबं करत्यात. कालिजात बी तेच. बॉल आला की वर टाक, आला की वर टाक. टप्पा मारत पुढं गेलो की कोच वरडायचा, तुजं काम न्हाय म्हणून. आता ऋतुजाताई मला बॉल आणू देत्यात. लई बरं वाटतं.”

“बॉल आणायला काय, जोत्या पण आणतो.”

“म्हणून तर म्या शून्य घेतलाय. शून्यवाल्याला कोण म्हणत न्हाय, हितंच हुबा ऱ्हा.”

साबेराभाभी कांदा-लिंबू घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. “बरोबर बोलतोय पोरगा. तुम्ही रिंगकडे पाठ करून उमर काढली, म्हणून त्याने पण काढायची का? आणि ते बिनधुतलं बनियन. घामाचा कपडा दुसऱ्याच्या अंगात घालायचा आणि त्याला मान म्हणायचं.”

“तुला खेळातलं कळत नाही.”

“हौ, कळत नाही. धुण्यातलं कळतं.”

मल्हार ओशाळून हसला. जाताना त्याने मैनुद्दीनच्या पायाला हात लावला, पण हो म्हणाला नाही. मी निघालो तेव्हा मैनुद्दीन गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आला.

“महिपतराव, मल्हार चांगला पोरगा आहे. त्याचं चुकलं नाही काही.” मग थोडं चालून म्हणाला, “पण तात्याबाने विचारलं, मी तुला दिला, तू कुणाला दिलास, तर काय सांगू? खुंटीला?”

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. पण बाकी कुणी खेळ सोडणार असला तर निरोप समारंभ होतो, नारळ मिळतो. याला ते काही नको होतं. याला फक्त बनियन काढून घालायला एक माणूस हवा होता आणि तो मिळत नव्हता.

स्पर्धेत आमचा संघ बरा खेळला. ऋतुजाची पद्धत हळूहळू अंगात बसत होती. मल्हार बॉल घेऊन लांब लांब टांगा टाकत यायचा तेव्हा लोक मान वळवून बघत. आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. समोर जुळे सोलापूर भागातली पोरं, सगळी कॉलेजातली, सगळी सगळं करणारी.

ऋतुजाने सुरुवात मैनुद्दीनपासून केली. शेवटची मॅच म्हणून मान दिला असेल, पण तिला तो उपयोगी पडेल असंही वाटत असावं. त्यांचा सेंटर एक उंच लुकडा पोरगा होता. तो रिंगकडे फिरकलाच नाही. तो तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहिला. मैनुद्दीन सवयीने रिंगखाली थांबला, तर त्या पोराने बाहेरून मारला आणि लागला. पुन्हा तसंच झालं.

“चाचा, बाहेर या, त्याला धरा,” ऋतुजा ओरडली.

मैनुद्दीन बाहेर गेला. पोरगा बॉल टप्पा मारत त्याच्या बगलेतून आत गेला आणि सुखाने बास्केट करून आला. परत येताना मैनुद्दीनने गुडघ्यावर हात ठेवला, तो सगळ्यांनी पाहिला. ऋतुजाने त्याला बदललं. तो माझ्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, गळ्यात स्वतःच्या कारखान्याचा टॉवेल.

“वाईट वाटून घेऊ नका,” मी म्हणालो.

“वाईट काय. तो पोरगा चांगला मारतो.” टॉवेलने त्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ टॉवेल तोंडावरून काढला नाही.

उत्तरार्धात आमच्या पोरांचे लांबचे बॉल लागेनासे झाले. मल्हारचे रिंगच्या कडेला लागून परत येत होते. त्यांचे पाचही जण पुढे येऊन आमच्या तोंडाशी उभे राहत, कारण त्यांना कळलं होतं की आमच्यातलं आत कुणी जात नाही. आम्ही मागे पडलो. ऋतुजाने टाइमआउट घेतला. बाक टेबलाला लागूनच असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“आत कुणीतरी जायला पाहिजे. म्हणजे ते मागे सरकतील. चाचा, गुडघा?”

मैनुद्दीन उठला. एक पाऊल टाकलं आणि परत बसला. “नाही. खोटं कशाला बोलू.”

“मी जातो,” मल्हार म्हणाला.

तो गेला. रिंगकडे पाठ करून उभा राहिला, पण त्याला कुणी रेटल्यावर कुठे वळायचं हेच माहीत नव्हतं. एकदा बॉल त्याच्या हातातून काढून घेतला गेला. एकदा तो रिंगखाली तीन सेकंदांच्या नियमापेक्षा जास्त उभा राहिला आणि पंचाने शिट्टी वाजवून बॉल समोरच्यांना दिला. ऋतुजाने पुन्हा टाइमआउट घेतला. या वेळी ती आपल्या पोरांकडे बघत नव्हती. समोरच्या संघाचा, जोतिरामला धरणारा एक सडपातळ मुलगा होता, त्याच्याकडे बघत होती.

“जोतिराम, तो मुलगा वजनाला किती असेल?”

जोतिरामने वळून पाहिलं. “टॉवेलच्या गठ्ठ्याएवढा बी न्हाय, ताई.”

“मग त्याला पाठीवर घ्या आणि आत जा.”

मैनुद्दीन खुर्चीवरून पुढे वाकला. “जोत्या? आत? मॅडम, तो रेघेच्या खाली आहे.”

“रेघ सामानखोलीत आहे, चाचा. त्या मुलाला ती माहीत नाही.”

जोतिराम मैनुद्दीनकडे बघत होता. कोचने सांगितलं होतं, म्हणजे त्याने जायला हरकत नव्हती. पण तो हलला नाही.

“जाऊ का, चाचा?”

पंच शिट्टी तोंडात धरून उभे होते. मैनुद्दीनने जोतिरामला पायापासून वर बघायला सुरुवात केली आणि खांद्यापाशी थांबला. तिथे जरा जास्त वेळ लागला.

“पाय रोव,” तो म्हणाला. “रिंग कुठे जात नाही.”

जोतिराम रिंगखाली जाऊन पाठ करून उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांत खसखस पिकली. सगळ्यांत बुटका माणूस सगळ्यांत उंच माणसाच्या जागी. त्याने डावा हात वर केला आणि म्हणाला, “हितं.”

मल्हारने पास दिला. जोतिरामने मागच्या मुलाला पाठीने एक रेटा दिला, मग दुसरा. गठ्ठा टेम्पोच्या कडेपर्यंत सरकवावा तसा तो मुलगा मागे मागे गेला. मग जोतिरामने उजवा खांदा दोनदा उडवला, डावीकडे वळला आणि फळ्यावर टेकवून बॉल आत सोडला. प्रेक्षकांची खसखस थांबली.

पुढच्या खेपेला तसंच. उजवा खांदा दोनदा, डावीकडे वळण, फळा, आत.

“महिपतराव,” मैनुद्दीन हळूच म्हणाला, “हे खांद्याचं काय करतोय तो?”

“तुम्ही करता ते.”

“मी? कधी?”

“पंचवीस वर्षं.”

“मग कुणी सांगितलं नाही ते?”

“बास्केट होत होतं, म्हणून नाही सांगितलं.”

तो परत मैदानाकडे बघायला लागला. खांदा उडवणं त्याने जोतिरामला शिकवलं नव्हतं. त्याने जोतिरामला काहीच शिकवलं नव्हतं. रोज संध्याकाळी जो मागे उभा राहून मार खात होता, त्याच्या अंगात ते मागच्या बाजूने शिरलं होतं. मैनुद्दीनच्या तोंडावरचा टॉवेल आता गुडघ्यावर आला होता आणि तो स्वतःच्या नकळत खुर्चीत बसल्या बसल्या खांदा उडवत होता.

तिसऱ्या खेपेला त्यांचा लुकडा सेंटर मदतीला आत धावला. जोतिराम दोघांच्या मधे सापडला. मल्हारला धरायला कुणी उरलं नव्हतं.

“सोड,” मैनुद्दीन खुर्चीतून म्हणाला. आवाज तिथवर पोचला नसणार. पण जोतिरामने बॉल डोक्यावरून बाहेर उभ्या मल्हारकडे फेकला. मल्हारने शांतपणे मारला. तीन गुण. ऋतुजाने पहिल्यांदा टाळी वाजवली.

तिथून त्यांची गाडी रुळावरून उतरली. ते आत धावले की मल्हार बाहेरून मारी, ते बाहेर थांबले की जोतिराम आतून. आम्ही थोड्याशा गुणांनी जिंकलो. शेवटचे तीन गुण शून्य नंबरच्या नावावर लिहिताना माझं अक्षर जरा वाकडं आलं, ते तसंच ठेवलं.

मग मैनुद्दीन उठून उभा राहिला. त्याने बनियन अंगातून काढलं, टॉवेल खांद्यावर नीट पांघरला आणि मैदानात चालत गेला. मल्हारने मान खाली घालून बुटाची नाडी बांधायला घेतली. ती आधीच बांधलेली होती.

मैनुद्दीनने जाता जाता त्याच्या डोक्यावर टपली मारली. “घाबरू नको, शून्य. तुझ्याकडे नाही येत.”

जोतिराम पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता. ते त्याचंच काम होतं.

“ठेव त्या,” मैनुद्दीन म्हणाला. “हात वर कर.”

जोतिरामला आधी कळलं नाही. कळल्यावर तो एक पाऊल मागे सरकला. “चाचा, म्या? आन् रेघ?”

“हात वर कर म्हटलं ना. गुडघा दुखतोय माझा, किती वेळ उभा राहू?”

जोतिरामने हात वर केले. बनियन त्याच्या खांद्यांवर ताणून बसलं आणि खाली मांड्यांपर्यंत लोंबलं.

“जोत्या, आता खाली प्यांट न्हाय घातली तरी चालंल,” मल्हार म्हणाला, आणि मग सगळेच हसले. समोरच्या संघाची पोरंसुद्धा.

“चाचा, वास लई हाय.”

“तात्याबाचा पण होता. सवय होते.”

तिथूनच त्याने तात्याबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. हल्ली ते मंद्रूपलाच असतात, ऐकायला कमी येतं. दिला, एवढं मैनुद्दीनने तीनदा ओरडून सांगितल्यावर त्यांना समजलं.

“बरं केलंस. किती उंच हाय?”

मैनुद्दीनने जोतिरामकडे पाहिलं. “तात्याबा, रुंद आहे.”

तात्याबांनी विचारलं, “रिंगकडं पाठ करतो का?”

“करतो.”

“मग झालं की.”

रेघ अजून चौकटीवर आहे. ती पुसायचा विषय बैठकीत निघाला होता, पण रंग कुणी आणायचा यावर अडला. नवीन आलेल्याला आता तिथे उभं करत नाहीत. ऋतुजा तिथे खिळा ठोकून स्कूटीची किल्ली अडकवते. मैनुद्दीन रोज पाळी सुटली की येतो आणि खुर्चीवर बसून मल्हारला रिंगकडे पाठ करायला लावतो, नंबर शून्यच ठेवून. मल्हार मागे जोतिरामला रेटतो. रेटून रेटून दमतो, पण जोतिराम जागचा हलत नाही.

परवा मैदानावरची ट्यूब गेली. ट्यूब बदलायचं काम पंधरा नंबरचं. जोतिराम ट्यूब हातात घेऊन खांबाखाली उभा राहिला, वर बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मंडळाला पहिल्यांदा स्टूल लागत होतं. मी ते पुढच्या खरेदीत धरलं. तोवर मल्हार वाकून उभा राहिला आणि जोतिराम त्याच्या पाठीवर चढला.

चहाची वेळ झाली होती. चहा कोण आणणार, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मैनुद्दीन किटली घेऊन कधी गेला ते आमच्या लक्षातच आलं नाही. लंगडत लंगडत तो परत आला तेव्हा ट्यूब लागली होती आणि चहा पार निवला होता.

“कसा आहे?” त्याने विचारलं.

“लई भारी, चाचा,” जोतिराम म्हणाला आणि कप एका घोटात संपवला.